कोल्हापुरात एक मुक्काम

सुट्टीच्या दिवशी दुपारी भवानी मंडपात उभं राहिलं की पाहुण्यांची लगबग दिसते. अंबाबाईचं दर्शन झालेलं असतं, चपलांची खरेदी झालेली असते, तांबडा-पांढरा रस्सा ओरपायचा तेवढा राहिलेला असतो आणि अंधार पडायच्या आत पुण्याची वाट धरायची असते. या मंडळींना अडवून सांगावंसं वाटतं, बाबांनो, एक रात्र राहा. हे गाव खुलतं ते दिवेलागणीला आणि पहाटे, आणि नेमके त्याच वेळी तुम्ही हायवेवर असता.

कोल्हापूरच्या मोकळ्या वेळाला तालमीचं वळण आहे. तालीम म्हणजे पैलवान घडवायची जागा हे सगळ्यांना ठाऊक असतं. पण गल्लीचा गणपती तालमीचा, फुटबॉलचा संघ तालमीचा, दांडपट्टा फिरवणारी पोरं तालमीची, आणि पंचगंगेला पूर आला की पाण्यात उतरणारी पोरंही तालमीचीच. म्हणून इथली करमणूक अजून शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या हातात आहे, आणि मला तिचं अप्रूप वाटतं ते याचसाठी.

पहिली संध्याकाळ गंगावेशीत काढा. तिथे रस्त्याच्या कडेला म्हशी उभ्या असतात, पुढ्यात वैरण टाकलेली. गवळी कास धुतो, भांडं गुडघ्यांत धरतो आणि धार काढायला बसतो. रिकाम्या भांड्यात पहिली धार टणटण वाजते. दूध चढत जातं तसा तो आवाज जाड आणि मऊ होत जातो. हातात येणारा ग्लास निम्मा फेसानं भरलेला आणि अंगाइतका उबदार असतो. हा पैलवानांचा खुराक. डोळ्यांदेखत काढलेलं, पाण्याचा थेंब न पडलेलं दूध मिळावं म्हणून सुरू झालेली ही रीत आज सगळं गाव पाळतं. नोकरीवरून परतणारा माणूस गाडी लावतो, एका दमात ग्लास रिकामा करतो, मिशीवरचा फेस पुसतो आणि पुढे जातो. मात्र लहान मुलांना, गरोदर बायकांना आणि ज्यांना कच्चं दूध सोसत नाही त्यांना हे देऊ नका. त्यांनी एखाद्या दुकानातलं तापवलेलं दूध घ्यावं आणि इथली गंमत नुसती बघावी.

तिथून खासबागेत या. 1902 मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी शाहू महाराज विलायतेला गेले होते. त्या प्रवासात त्यांनी रोमचं जुनं क्रीडागार पाहिलं आणि आपल्या पैलवानांसाठी असं काही बांधायचं मनात घेतलं. 1912 मध्ये हे मैदान उभं राहिलं. उभं राहिलं म्हणायचं खरं, पण ते खाली उतरतं. मधोमध तांबड्या मातीचा हौद आणि भोवती वर वर चढत गेलेली गोल बैठक. हजारोंची गर्दी असली तरी अगदी शेवटच्या रांगेतल्या माणसाला कुणी कुणाचा पट कसा काढला ते स्वच्छ दिसतं. महाराजांचं हे देणं मला फार मोठं वाटतं. मागं बसणाऱ्याचा विचार करून बांधलेल्या जागा आपल्याकडे थोड्याच आहेत.

मैदान भरलं असेल त्या दिवशी मात्र काहीही करून जा. आधी लहान पोरांच्या जोड्या लागतात, मोठ्या कुस्त्यांना सांज होते. हलगी कडाडते, पैलवान हौदाला फेरी मारतो, वाकून माती कपाळाला लावतो. मग दोघं एकमेकांच्या अंगावर माती टाकतात, घामानं पकड सुटू नये म्हणून. शड्डूचा आवाज वरच्या रांगेपर्यंत पोहोचतो आणि पाठोपाठ मैदान गप्प होतं. ही शांतता ऐकण्यासारखी असते. शेजारच्या म्हाताऱ्याला एखादा डाव विचारा. तो तुमच्याच हाताला धरून दाखवेल.

कुस्तीसाठी हे गाव काय काय करतं? कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव इथल्या राजाराम कॉलेजात शिकले. त्यांना हेलसिंकीला जायला पैसे कमी पडत होते, तेव्हा प्राचार्य खर्डेकरांनी स्वतःचं घर गहाण टाकलं. 1952 च्या त्या ऑलिंपिकमध्ये खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक.

खासबागेला लागूनच केशवराव भोसले नाट्यगृह आहे. 1915 मध्ये पॅलेस थिएटर म्हणून सुरू झालेली ही वास्तू 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आगीत जळाली. केशवरावांच्या जयंतीची ती पूर्वसंध्या. त्या रात्री माणसं रस्त्यावर उभी राहून रडली. कोल्हापूरकराला आजही तिथून जाताना मान वर करून बघितल्याशिवाय पुढे जाववत नाही. जवळच भेळेच्या गाड्या आहेत, तिथे पोटाला आधार मिळेल.

थंडी पडली की इथे फुटबॉल सुरू होतो आणि उन्हाळ्यापर्यंत शाहू स्टेडियम गाजत राहतं. पाटाकडील तालीम मंडळ, शिवाजी तरुण मंडळ, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल, प्रॅक्टिस क्लब ही नावं इथल्या पोरांना पाढ्यांच्या आधी पाठ होतात. सामना दोन संघांचा नसतोच, दोन पेठांचा असतो. एकाच कारखान्यात शेजारी काम करणारे दोघं त्या दिवशी समोरासमोरच्या बाजूला बसतात. या चुरशीला इथे ईर्षा म्हणतात, आणि तो कौतुकाचा शब्द आहे. ती कधी दगडफेकीपर्यंत गेली की जीव तुटतो. कारण याच मातीतून अनिकेत जाधवसारखा खेळाडू 2017 च्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला. पाहुण्यानं तिकीट काढावं, कुठल्यातरी एका पेठेत शिरून बसावं आणि त्या पेठेसाठी ओरडावं.

सकाळी रंकाळ्याची फेरी आहेच. शालिनी पॅलेसच्या बाजूनं चाललात तर पाण्यावर पहिलं ऊन पडताना दिसतं. तलावात सांडपाणी येणं अजून पुरतं थांबलेलं नाही, आणि इथे फिरणाऱ्या प्रत्येकाला ते सलतं. उन्हं वाढल्यावर टाऊन हॉलच्या संग्रहालयात जा. ब्रह्मपुरीच्या उत्खननात निघालेली समुद्रदेव पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आवर्जून पाहा. पंचगंगेकाठच्या या गावाचे धागे रोमपर्यंत पोहोचले होते, हे ती वीतभर मूर्ती सांगते.

पण रंकाळ्याच्याही आधी, पहाटे, एखाद्या तालमीत डोकावा. मोतीबाग, गंगावेस, शाहूपुरी, कुठलीही चालेल. चपला दारात काढा, वस्तादांना नमस्कार करा, आत बसू का म्हणून विचारा. सहसा नाही म्हणत नाहीत. एका कोपऱ्यात जोर-बैठका चाललेल्या असतात, श्वासांची लय धरून. हौदात दोन पोरं खोऱ्यानं माती उकरत असतात. हळद, ताक, तेल, लिंबू घालून मुरवलेली ती माती उलटली की आंबूस, ओला वास खोलीभर पसरतो. भिंतीशी बसा. थोड्या वेळानं कुणीतरी ढेकूळ फोडता फोडता विचारेल, ‘पाव्हणं, कुठल्या गावचं?’