व्होल्ट मुरतात कुठे?

रब्बीत सगळ्यांचे पंप एकदम सुरू झाले की डीपीपासून लांबच्या विहिरीवरची मोटर पाणी उचलत नाही, नुसती घुमत राहते. उमरी, भोकर, नायगाव भागातल्या शेतकऱ्याला याचं कारण समजावून सांगावं लागत नाही. लाईन लांब, तार बारीक, जोड सैल, म्हणून टोकाला व्होल्टेज पोचत नाही. पण त्याच घरातल्या जीपचे दिवे मंदावले की लगेच नवा बल्ब येतो, त्यानं भागलं नाही तर नवी बॅटरी. खरं तर गाडीतही नियम तोच आहे, आणि तिथं तो जास्त कडक आहे. 230 व्होल्टमधला एक व्होल्ट वाटेत गेला तर कुणाला पत्ताही लागत नाही. 12 व्होल्टमधला एक गेला म्हणजे बारावा हिस्सा गेला.

त्यात हॅलोजन बल्बचा स्वभाव आणखी घातक. व्होल्टेज 10 टक्के घटलं तर उजेड सुमारे 30 टक्के घटतो. 20 टक्के घटलं तर निम्म्याहून अधिक जातो. बल्बमधली तार पुरेशी तापत नाही, म्हणून पांढऱ्या उजेडाऐवजी पिवळट, लालसर उजेड पडतो. रस्त्यावर ताशी 60 किलोमीटरनं जाणारी गाडी एका सेकंदात साधारण 17 मीटर पुढं सरकते. बैलगाडी किंवा रस्त्यात बसलेलं जनावर दिसायला एक सेकंद उशीर झाला तर काय होतं, हे आपल्याकडच्या घरांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून मंद दिवा ही सवडीनं करायची दुरुस्ती नाही.

सुरुवात तीन-चारशे रुपयांच्या मीटरनं करावी. गाडी रात्रभर उभी राहिल्यावर बॅटरीवर 12.6 व्होल्ट दिसले तर ती भरलेली आहे, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. इंजिन सुरू करून थोडी रेस दिल्यावर 13.8 ते 14.4 दिसायला हवेत. आकडा 12 च्या घरातच रेंगाळला तर डायनॅमो (आपल्याकडे अल्टरनेटरलाही डायनॅमोच म्हणतात) चार्जिंग करत नाही: पट्टा घसरतोय, कार्बन झिजलेत किंवा आतले डायोड गेलेत. 15 च्या वर गेला तर रेग्युलेटर बिघडला. अशा गाडीत बल्ब वारंवार उडतात आणि बॅटरीचं पाणी आटतं. अगदी नव्या काही गाड्यांत संगणकच चार्जिंग कमीजास्त करतो, तिथं एका आकड्यावरून डायनॅमो उतरवू नये.

बॅटरी चांगली, चार्जिंग चांगलं, तरीही उजेड नाही? मग खरी तपासणी इथून पुढं. आणि नेमकी हीच घाईत टाळली जाते. दिवे लावून, इंजिन चालू ठेवून, मीटरची एक सुई बॅटरीच्या प्लसवर आणि दुसरी बल्बच्या होल्डरमधल्या प्लसवर धरावी. मीटर जो आकडा दाखवेल तेवढे व्होल्ट वाटेत मुरतायत. अर्ध्या व्होल्टपर्यंत ठीक. मग तसंच बॅटरीच्या मायनसपासून बल्बच्या अर्थपर्यंत मोजावं; तिथं 0.2 च्या वर गेलं तर अर्थिंग खराब. दिवे बंद ठेवून हे मोजण्यात काही अर्थ नाही, कारण करंट वाहत नसेल तर खराब जोडही निर्दोष दिसतो.

हिशेब सोपा आहे. डिपरवर 55 वॉटचे दोन बल्ब मिळून सुमारे 9 अँपिअर ओढतात. 1 चौरस मिलिमीटरची तांब्याची 5 मीटर तार एकटीच त्यात 0.8 व्होल्ट खाते; अडीच चौरस मिलिमीटरची घेतली तर 0.3. त्यात स्विचचे झिजलेले पॉइंट आणि काळे पडलेले कपलर धरा. जुन्या बऱ्याच गाड्यांत हा सगळा करंट स्टिअरिंगजवळच्या छोट्या स्विचमधून जातो. तिथं रिले बसवला की स्विचवर फक्त रिलेचा किरकोळ करंट उरतो आणि बल्बला बॅटरीवरून जाड तारेनं थेट पुरवठा मिळतो. फ्यूज मात्र बॅटरीजवळच हवा. फ्यूजशिवाय थेट तार ओढणं म्हणजे आगीला आमंत्रण.

एकच दिवा मंद असेल तर त्या बाजूची अर्थिंग बघा. इंडिकेटरबरोबर दुसराच दिवा लुकलुकत असेल तरीही अर्थिंगच. बोल्ट काढून, पॉलिश पेपरनं रंग आणि गंज खरवडून, उघड्या लोखंडावर परत घट्ट आवळला की अनेक गाड्यांचं दुखणं तिथंच संपतं. इंजिन ते बॉडी जोडणारी पट्टी गंजली असेल तर सेल्फही कुंथतो. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्यात खायचा सोडा घालून धुवावी, पण ते पाणी बॅटरीच्या आत जाऊ देऊ नये. वायर काढताना आधी मायनस, लावताना तो शेवटी.

बॅटरीत बोअरचं पाणी घालण्याची सवय मोडायलाच हवी. आपल्या बोअरच्या जड पाण्यातले क्षार प्लेटांचं आयुष्य खातात, आणि उन्हाळ्यातला 42-43 अंशांचा पारा आधीच पाणी आटवत असतो. डिस्टिल्ड वॉटरच घालावं.

100/90 वॉटच्या बल्बबद्दल माझं मत स्पष्ट आहे: लावू नयेत. करंट 9 वरून 15 अँपिअरवर जातो आणि तारांतली उष्णता पावणेतीन पट होते, होल्डर वितळतात. हॅलोजनच्या रिफ्लेक्टरमध्ये कोंबलेले एलईडीही तसेच वाईट. तो रिफ्लेक्टर तारेच्या ठरावीक जागेसाठी घडवलेला असतो. एलईडीचा उजेड त्यातून भलतीकडे पसरतो आणि समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याच्या डोळ्यांत जातो.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी वेगळी. वाघलवाड्याच्या कारखान्याकडे ऊस नेणाऱ्या ट्रॉल्यांचे मागचे दिवे नेहमी का गेलेले असतात? पुष्कळदा बल्ब शाबूत असतो. ट्रॉलीची अर्थिंग हूकच्या पिनमधून येते. ती पिन गंजलेली, चिखलानं माखलेली, चालताना खडखडणारी. ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या मायनसवरून एक वेगळी तार ट्रॉलीच्या दिव्यांपर्यंत न्यायची, जोडावर सॉकेट बसवायचं. अर्ध्या तासाचं काम आहे आणि खर्च तारेचा. गाळप सुरू व्हायच्या आधी ते करून घ्यावं.