चुन्याखालचे चित्र

पूर्वी दिवाळी जवळ आली की घरोघर भिंतींना चुना लागायचा. वर्षभराचे तेलकट डाग, मुलांनी पेन्सिलीने काढलेले घोडे आणि दूधवाल्याचे हिशेब त्याखाली नाहीसे व्हायचे आणि घर कसे लख्ख दिसू लागायचे! पण माणसे चुन्याने नुसते डागच झाकतात असे नाही. लॉस एंजेलिस शहरात त्याखाली एक अख्खे चित्र गडप झाले होते. मुलीकडे मुक्कामाला गेलो असताना ती भिंत मी पाहिली. तिचीच ही हकीकत.

लॉस एंजेलिस म्हटले की आपल्याला हॉलिवूड आठवते. पण हे गाव वसले १७८१ साली, स्पेनच्या अमलात, अवघ्या ४४ माणसांनिशी. पुढे ते मेक्सिकोचे झाले आणि १८४८ मध्ये युद्धाअंती अमेरिकेकडे गेले. जुन्या गावाच्या चौकालगत ओल्वेरा स्ट्रीट नावाची लहानशी गल्ली आहे. ती मोडकळीस आली होती. क्रिस्टीन स्टर्लिंग नावाच्या बाईंनी खटपट करून १९३० साली तिथे ‘जुना मेक्सिको’ उभा केला. रंगीबेरंगी दुकाने, गाणीबजावणी, खमंग खाणे! प्रवासी खूश झाले.

दोनच वर्षांनी याच गल्लीतल्या ‘इटालियन हॉल’ या इमारतीच्या वरच्या मजल्याची बाहेरची भिंत रंगवण्याचे काम डेव्हिड अल्फारो सिकेरोस या मेक्सिकन चित्रकाराला मिळाले. हा गृहस्थ राजकीय चळवळीपायी तुरुंगवास भोगून आलेला. विषय दिला होता ‘उष्ण कटिबंधातील अमेरिका’. लोकांच्या मनात होती ताडामाडांची झाडे, पोपट, फळांच्या राशी आणि हसतमुख गावकरी!

मदतनिसांना हाताशी धरून सिकेरोसने सुमारे ८० फूट लांब आणि १८ फूट उंच भिंत रंगवली. पिळवटलेली मुळे, पडझड झालेले प्राचीन मंदिर, सारे जमले. मधली जागा मात्र त्याने शेवटच्या रात्रीपर्यंत रिकामी ठेवली आणि ती एकट्याने रंगवली. ९ ऑक्टोबर १९३२ रोजी अनावरण झाले, तेव्हा मंडळींना दिसला दुहेरी क्रूसावर बांधलेला एक आदिवासी माणूस, त्याच्या माथ्यावर पंख पसरलेला अमेरिकेचा गरुड आणि एका कोपऱ्यात बंदुका घेऊन दबा धरून बसलेले दोघे जण.

हे चित्र इतके का झोंबले, हे कळायला त्या चौकाचीच एक गोष्ट ठाऊक हवी. मंदीचे दिवस होते. ‘मेक्सिकन लोक आपल्या नोकऱ्या खातात’ अशी ओरड चालू होती. २६ फेब्रुवारी १९३१ रोजी सरकारी माणसांनी तो चौक घेरला आणि सुमारे ४०० जणांना अडकवून त्यांचे कागदपत्र तपासले. त्या काळात लाखो मेक्सिकन वंशाची माणसे सीमेपार गेली, कोणी धाकाने, कोणी दांडगाईने. त्यांत अमेरिकेतच जन्मलेलेही पुष्कळ होते. म्हणजे खाली गल्लीत मेक्सिकोचे कौतुक आणि शेजारच्या चौकात मेक्सिकन माणसाची धरपकड! सिकेरोसने भिंतीवर मांडले ते या कौतुकात न बसणारे.

चित्राचा गल्लीतून दिसणारा भाग लवकरच चुन्याने झाकला गेला. १९३८ च्या सुमारास उरलेलाही झाकला. सिकेरोसला तर १९३२ संपण्यापूर्वीच देश सोडावा लागला होता.

पण उन्हापावसाला कोण थोपवणार? १९६० नंतरच्या दशकात चुन्याचे पोपडे सुटू लागले आणि त्या माणसाची आकृती अंधूक दिसू लागली. नेमक्या त्याच सुमारास शहरातले तरुण मेक्सिकन-अमेरिकन चित्रकार आपल्या वस्त्यांच्या भिंती रंगवायला लागले होते. त्यांना जणू घरातला वडीलधारा माणूस परत आल्यासारखे वाटले असेल! शिफ्रा गोल्डमन या कलेतिहासकार बाईंनी चित्र वाचवण्यासाठी नेट लावला. १९८८ पासून गेटी संस्था आणि नगरपालिका कामाला लागल्या. सुमारे एक कोटी डॉलर खर्च झाले आणि ९ ऑक्टोबर २०१२ रोजी, बरोबर ८० वर्षांनी, ते पुन्हा लोकांसाठी खुले झाले.

समोरच्या गच्चीवरून ते पाहताना मी मुलीला विचारले, “एवढा पैसा ओतला, मग रंग का नाही गं भरले?”

“बाबा, नवे रंग भरले असते तर ते सिकेरोसचे चित्र राहिले असते का?” ती म्हणाली.

तिचे खरे होते. तज्ज्ञांनी चित्र स्वच्छ केले, सुटणारा गिलावा घट्ट बसवला, वर छप्पर घातले. पण उडालेला रंग पुन्हा लावला नाही. त्यामुळे आज जे दिसते ते फिकट, करडे, डोळे ताणून पाहावे लागणारे. मला तेच अधिक भावले. १९३२ चे चित्र त्या फिकट रेषांत आहे, आणि ते पुसून टाकण्याची शहराची धडपडही तिथेच आहे. गावाचा इतिहास भिंतीवर काढायचा म्हटला की मिरवण्यासारखे तेवढे आपण निवडून देतो. या शहराने आपली लाजही छपराखाली जपली आहे, आणि ती पाहायला तिकीट पडत नाही.