लाव्हाच्या पायऱ्यांवरून सायकल : नारायणगाव ते नाणेघाट

पुण्याहून मोटारीने जुन्नरला जाणाऱ्यास नाशिक महामार्ग जवळजवळ सपाट भासतो. सायकलस्वाराचा अनुभव वेगळा असतो. मोशीला इंद्रायणी, राजगुरुनगरला भीमा, कळंबजवळ घोड आणि नारायणगावला मीना अशा नद्या एकामागून एक आडव्या येतात. प्रत्येक नदीपाशी उतरायचे आणि पलीकडे पुन्हा चढायचे, असा हा क्रम आहे. या नद्या सह्याद्रीत उगम पावून पूर्वेकडे वाहतात आणि महामार्ग त्यांची खोरी ओलांडत उत्तरेकडे जातो. त्यामुळे शंभर किलोमीटरांच्या आतल्या या प्रवासात कुठेही मोठा घाट चढावा लागला नाही, तरी दिवसाअखेरीस पायांत चांगलाच हिशेब जमा झालेला असतो.

गेल्या काही वर्षांत सायकलने दूरवर भटकणाऱ्या शहरवासीयांची संख्या वाढली आहे. सुटीच्या दिवशी लोणावळा, सिंहगड पायथा, लवासा या नेहमीच्या वाटा गजबजून जातात. त्या तुलनेत नारायणगाव, जुन्नर, आपटाळे, घाटघर आणि नाणेघाट ही वाट कमी वापरली जाते. ज्वालामुखीने घडवलेली भूमी आणि दोन हजार वर्षांचा इतिहास यांचा संबंध इतका उघडपणे दाखवणारे रस्ते मात्र राज्यात फार थोडे असतील.

जिन्यासारखी जमीन

सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी येथे लाव्हाचे प्रचंड प्रवाह पसरले. एखाद्या शंकूच्या आकाराच्या पर्वताच्या मुखातून ते उसळले नव्हते. जमिनीला पडलेल्या लांबच लांब भेगांतून ते बाहेर आले आणि थरावर थर साचत गेला. आजही सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर प्रदेश या काळ्या बेसॉल्ट खडकाखाली आहे. भूशास्त्रज्ञ त्याला ‘दख्खनचे ट्रॅप’ म्हणतात. ‘ट्रॅप’ हा शब्द जिना या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे आणि तो येथे अगदी चपखल बसतो.

सगळे थर एकसारखे नाहीत. काही घट्ट व एकसंध, तर काही वायूच्या बुडबुड्यांमुळे सच्छिद्र आहेत. दोन प्रवाहांच्या दरम्यान कुठे कुठे विटकरी रंगाचा मातकट पट्टा दिसतो. मऊ थर लवकर झिजतो, कठीण थर कड्यासारखा उभा राहतो. शिवनेरी, हडसर, चावंड आणि जीवधन या किल्ल्यांचे उभे कातळ आणि सपाट माथे असेच तयार झाले. रस्त्यालाही तोच नियम लागू होतो. थोडी सपाटी, मग अचानक चढ, पुन्हा सपाटी.

चढाचे गणित

स्वार, सायकल आणि सामान मिळून ८५ किलो वजन धरले, तर १०० मीटर उंची गाठण्यासाठी सुमारे ८३ किलोज्यूल ऊर्जा लागते. बेताची तयारी असलेला माणूस १५० वॉट शक्ती काही काळ टिकवू शकतो. त्या हिशेबाने केवळ उंची जिंकायलाच नऊ मिनिटांहून अधिक वेळ जातो. वारा आणि टायरचे घर्षण त्यात धरलेले नाही.

गिअर ही ऊर्जा वाचवत नाहीत, ती हप्त्याहप्त्याने खर्च करू देतात. साध्या सायकलीचे पॅडल एकदा पूर्ण फिरवले की ती पाच मीटरांहून अधिक पुढे जाते. रोड बाइकवर पुढे ३४ आणि मागे ३२ दात्यांचे चक्र निवडले, तर एका फेऱ्यात ती सव्वादोन मीटरच सरकते. वेग ताशी नऊ-दहा किलोमीटरांवर येतो, पण गुडघे शाबूत राहतात. पहिल्याच चढावर जोर लावणारे पुढच्या पायरीला थांबतात, हे या मार्गावर वारंवार दिसते.

लेणी नेमकी तिथेच का?

जुन्नरभोवतीच्या डोंगरांत लेण्याद्री, मानमोडी, तुळजा आणि शिवनेरी असे लेण्यांचे गट आहेत. सर्व मिळून दोनशेच्या आसपास कोरीव कामे असावीत. रस्त्यावरून पाहिले, तर लेण्यांच्या दारांची रांग बहुधा एकाच पातळीवर दिसते. हा योगायोग नाही. कोरणाऱ्यांनी जाड, एकसंध आणि कमी भेगांचा थर हेरला आणि त्या थराची रेघ धरून ते पुढे गेले. तुळजा लेण्यांत बारा अष्टकोनी खांबांचे वर्तुळाकार चैत्यगृह आहे. लेण्याद्रीच्या एका विहारात आज अष्टविनायकांपैकी गिरिजात्मज विराजमान आहे.

पाण्याची सोयही याच खडकाने केली. कातळात खोदलेल्या टाक्याला येथील प्राकृत शिलालेखांत ‘पोढी’ म्हटले आहे. महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याने पोढी आणि मंडप दान केल्याचा लेख मानमोडीला आहे. धान्य व्यापाऱ्यांच्या श्रेणीने आणि यवन म्हणवणाऱ्या दात्यांनी दिलेल्या देणग्यांचेही लेख जुन्नरला सापडतात. कोकणातील बंदरे आणि पैठण यांना जोडणाऱ्या व्यापारी मार्गावरचे हे नाक्याचे गाव होते.

त्या मार्गाचे दार म्हणजे नाणेघाट. जुन्नरपासून तीस-पस्तीस किलोमीटरांवर डांबरी रस्ता संपतो आणि पुढे कडा सहाशे मीटरांच्या आसपास खाली कोसळतो. कड्याला पडलेल्या खाचेतून दगडी वाट कोकणात उतरते. वर जकातीचा म्हणून ओळखला जाणारा दगडी रांजण आहे. खाली लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असून तो सर्वसाधारणपणे इसवीसनपूर्व पहिल्या शतकातील मानला जातो. यज्ञांत दिलेल्या गाई, घोडे आणि नाणी यांची मोजदाद त्यात आहे. अंकचिन्हांचे देशातील फार जुने नमुनेही त्यात आढळतात. राजघराण्यातील व्यक्तींच्या मूर्ती नष्ट झाल्या असून वरची नावे तेवढी उरली आहेत.

सायकल चढावर ज्या गतीने जाते, ती बैलांच्या तांड्याच्या गतीहून फार वेगळी नाही. पाणी कुठे हवे, विसावा कुठे हवा, हे या गतीला आपोआप कळते. जुन्या टाक्यांच्या आणि लेण्यांच्या जागा मग नकाशावरचे ठिपके राहत नाहीत.

जपावे असे काही

ज्या भेगांतून पाणी झिरपून टाकी भरतात, त्याच भेगा कडेही सैल करतात. माळशेज घाटात पावसाळ्यात दरडी कोसळतात आणि वाहतूक बंद पडते. सायकलस्वाराच्या डोक्यावर हेल्मेटखेरीज कसलेच छप्पर नसते. धबधबे कितीही मोहक असले, तरी जोरदार पावसात हा घाट सायकलसाठी नाही.

दुसरा धोका जुन्नरचा खास आहे. उसाच्या पट्ट्यात बिबट्यांचा वावर आहे आणि माणसांवर हल्ले झाले आहेत. माणिकडोहला बिबट निवारण केंद्र आहे, ते उगाच नाही. पहाटेच्या अंधारात निघण्याची सायकलस्वारांची सवय येथे मोडायला हवी.

तिसरा धोका आपल्यापासूनच आहे. २०१८ मध्ये जुन्नर पर्यटन तालुका म्हणून जाहीर झाला. २०२५ मध्ये शिवनेरीचा समावेश मराठा लष्करी भूदृश्यांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्यामुळे गर्दी वाढणारच. बेसॉल्ट कठीण असला, तरी दोन हजार वर्षांच्या पावसाने झिजलेले अक्षर कठीण नसते. लेख हाताने चाचपणे, त्यावर खडू फासणे किंवा लेण्यात चूल पेटवणे यांनी झालेली हानी भरून निघत नाही.

जाण्यापूर्वी

* काळ : नोव्हेंबर ते फेब्रुवारी. पावसाळ्यात नाणेघाटाकडे जाताना पश्चिमेचा वारा समोरून येतो.
* मार्ग : महामार्गावरील अवजड वाहतूक टाळण्यासाठी नारायणगावपर्यंत सायकल वाहनाने नेणे उत्तम. तेथून जुन्नर सुमारे १५ किलोमीटर.
* मुक्काम : नाणेघाट आणि लेणी एकाच दिवसात उरकू नयेत. जुन्नरला एक रात्र राहावे.
* सोबत : दोन बाटल्या पाणी, जादा ट्यूब, पंप आणि दिवा. जुन्नरनंतर दुरुस्तीची सोय मिळेलच असे नाही.
* उतार : ब्रेक सतत दाबून ठेवू नयेत, थांबून थांबून लावावेत. वळणापूर्वीच वेग कमी करावा.