रथाचे दोर, मांडवाची तार

तासगावात ऋषिपंचमीला गणपतीचा रथ भाविक दोरखंडाने ओढतात. समजा, तिथे दोन दोर आहेत आणि प्रत्येकावर १००० न्यूटनची ओढ आहे. रथाला एकूण बल किती मिळेल? बहुतेकांचं उत्तर २००० येतं. दोन्ही दोर एकाच दिशेने असतील तरच ते बरोबर. रस्त्याच्या दोन बाजूंना ते ३०-३० अंशांनी फाकले, तर प्रत्येकाचा पुढे नेणारा घटक १००० गुणिले कोसाईन ३०, म्हणजे ८६६. दोन्ही मिळून १७३२. आडवे ५००-५०० एकमेकांना मारतात. ६०-६० अंशांनी फाकले, तर उरतात फक्त १०००. घाम दोन दोरांचा, काम एकाचं!

आडवे घटक नेहमीच असे कटतात, हाही भ्रम. एक दोर सरळ आणि दुसरा ३० अंशांवर असेल तर पुढची ओढ १८६६, आडवी ५००. दोन्हींच्या वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढलं की परिणामी बल सुमारे १९३२ न्यूटन येतं, आणि रथ १५ अंशांनी एका अंगाला कलू पाहतो.

‘घटक म्हणजे बलाचे तुकडे, त्यांची बेरीज मूळ बलाइतकी’, असंही मुलं धरून चालतात. ८६६ अधिक ५०० तर १३६६ होतात. जुळतात ते वर्ग, आकडे नव्हेत.

आडव्याला कोसाईन, उभ्याला साईन, ही घोकंपट्टी तर घाटात हमखास फसते. खंबाटकीत १० टनांचा ट्रक चढतोय आणि चढ ५ अंशांचा आहे असं धरा. त्याला मागे खेचणारा वजनाचा घटक साईनने निघतो: सुमारे ८७० किलो. कोन ज्या रेषेपासून मोजला, तिच्या दिशेला कोसाईन. इथे वजन उभं आहे आणि कोन आडव्या रेषेपासून मोजलाय, म्हणून चढाच्या दिशेला साईन.

सगळ्यात महागडा गैरसमज मात्र द्राक्षबागेतला आहे: तार जितकी घट्ट, तितका मांडव भक्कम. तारेच्या मधोमध ५० किलोचा भार आला, तर तो उचलतात तारेच्या दोन्ही अर्ध्या भागांतले उभे घटक, प्रत्येकी २५ किलो. झोळ १० अंशांचा असेल तर तारेतला ताण २५ भागिले साईन १०, म्हणजे सुमारे १४४ किलो. ५ अंशांना २८७. भाराखालीही तार १ अंशच झुकावी असा हट्ट धरला तर १४३० च्या पुढे! साईन शून्याकडे गेला की ताण आभाळाला भिडतो, म्हणून मध्ये भार असलेली तार पूर्ण सरळ करणं कोणत्याच यंत्राला जमणार नाही.

हा ताण शेवटच्या खांबाला आत ओढतो. म्हणून बाहेरून तिरकी तार देऊन ती जमिनीत पक्की करतात. तिचा आडवा घटक आतली ओढ तोलतो, उभा घटक खांबाला खाली दाबतो. ही तार खांबाच्या फार जवळ रोवली, तर आडवा घटक तेवढाच मिळवायला तिच्यावर कितीतरी जास्त ताण यावा लागतो. बागेच्या कडेची दोन-चार फूट जागा वाचवताना हे विसरलं जातं.