माहुलीचा पिंगळा आणि आपला ऊस



शेताला आपण वावर म्हणतो. जव्हार तालुक्यात तर वावर नावाचे गावच आहे. तिकडील डोंगरउताराची नाचणी-वरई पाहण्यासाठी आमच्या गटातील काही सभासदांसह आम्ही जव्हार-मोखाड्याला जाऊन आलो. परतीच्या वाटेवर शहापूर तालुक्यातील माहुली गड चढलो. शहाजीराजांनी १६३६ साली निजामशाही वाचविण्याचा शेवटचा प्रयत्न केला तो येथूनच. आज वर पडका दरवाजा, वाड्याची जोती आणि झाडोरा एवढेच उरले आहे. खाली तानसा तलावाचे पाणी दिसते. हे धरण १८९२ चे. मुंबईकर अजून त्याचे पाणी पितात.

पडक्या भिंतीच्या भोकात एक पिंगळा बसला होता. एक सभासद म्हणाले, "साहेब, अपशकुन झाला, परत फिरा!" दुसऱ्यांनी तर दगडच उचलला. आम्ही हात धरला.

ह्या तानसाच्या जंगलात २०१४ साली वनपिंगळा सापडला. ह्या पक्ष्याची गोष्ट ऐकण्याजोगी आहे. १८७२ साली तो प्रथम मिळाला, १८८४ नंतर नाहीसाच झाला. शंभरावर वर्षे तो कोणाला खात्रीने सापडला नाही. अखेर नोव्हेंबर १९९७ मध्ये आपल्याच राज्यात, शहाद्याजवळ तो पुन्हा दिसला. तो दिवसाही शिकार करतो व त्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात. आमच्या समोरच्या पाखराच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट होते. म्हणजे हा आपल्या बांधावरचा साधा पिंगळा.

साधा म्हणून त्याला कमी लेखू नका. वळवाचा पाऊस पडला की हुमणीचे भुंगेरे संध्याकाळी जमिनीतून निघून कडुनिंब-बाभळीवर जमतात. भुंगेरे, किडे, लहान उंदीर हेच पिंगळ्याचे खाणे. त्याचा थोरला भाऊ गव्हाणी घुबड तर मुख्यतः उंदरांवरच जगतो. उंदीर बुडाची कांडी कुरतडतो, ऊस लोळतो, वजन घटते, हे आपण दर हंगामात पाहतो. ही पाखरे रात्रपाळीचे बिनपगारी राखणदार होत. सगळा बंदोबस्त एकटी करणार नाहीत, पण हातभार नक्की लावतात.

तेव्हा एवढे करावे :

१. बांधावरचे ढोलीचे जुने झाड विनाकारण तोडू नये.
२. ऊस लहान असेतो शेतात उंच काठ्या रोवून पक्ष्यांना बसायला जागा करावी.
३. ब्रोमाडिओलोनसारखे औषध मेलेल्या उंदराच्या अंगात राहते व तो खाणारे घुबडही दगावते. औषध बिळातच टाकावे, मेलेले उंदीर गोळा करून खोल पुरावेत.
४. घुबड मारणे वा पकडणे हा १९७२ च्या कायद्याने गुन्हा आहे, हे घरातील मुलांनाही सांगावे.

पहाटे दारी येणाऱ्या पिंगळ्याला आपण सूपभर धान्य घालतो, कारण तो चांगले भविष्य सांगतो. बांधावरचा पिंगळा बोलत नाही, पण तो जेथे नांदतो तेथे उसाचे भविष्य वाईट नसते. त्याला दगड मारू नका, एवढीच विनंती.