एक संगणक, दोन कारभारी

मंडळी, धानाची बांधी दोन भावांत वाटली की मधे धुरा घालावा लागतो. तो विचाराने घातला तर दोघेही सुखाने पिकवितात. घाईने घातला तर पीक जाते आणि भांडण राहते. घरच्या एकाच संगणकावर दोन व्यवस्था ठेवायच्या, त्याचीही गोष्ट अशीच आहे.

संगणक सुरू केला की त्याचा सारा कारभार हाती घेणाऱ्या व्यवस्थेला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. आपण तिला कारभारी म्हणू. बहुतेक घरी हा कारभारी विंडोज असतो. दुसरा आहे लिनक्स. लायनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने १९९१ साली त्याचा गाभा लिहिला. तो फुकट मिळतो. आपल्या सी-डॅक संस्थेची ‘बॉस’ ही व्यवस्था त्याच्याच आधारावर उभी आहे.

तुम्ही म्हणाल, एक असताना दुसरा कशाला? समजा, मूल किंवा आरमोरीकडे एका गुरुजींच्या घरी जुना संगणक आहे. त्यावर विंडोज १० आहे. या विंडोजची नित्याची मोफत दुरुस्ती १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपली. पुढची विंडोज ११ पुष्कळ जुन्या यंत्रांवर रीतसर बसत नाही. पण गुरुजींच्या प्रश्नपत्रिका श्रीलिपीत आहेत, त्यांना विंडोजच हवी. मुलीला मात्र इंटरनेटवर अर्ज भरायचे आहेत, तिथे दुरुस्ती चालू असलेला कारभारी बरा. तेव्हा जुने काम विंडोजवर, इंटरनेट लिनक्सवर. दोघे एकाच वेळी चालत नाहीत, बरे का! यंत्र सुरू करताना पडद्यावर यादी येते. हवा तो निवडायचा.

आता धुरा घालण्याची रीत ऐका. पहिले काम म्हणजे, घरातील सर्वांना विचारून त्यांचे फोटो, शाळेची कामे, वनहक्काच्या पट्ट्याची प्रत, असे सारे दुसऱ्या डिस्कवर उतरवून ठेवा आणि ते उघडते की नाही, तेही पाहा. विंडोजने डिस्कला बिटलॉकरचे कुलूप लावले असेल, तर त्याची ४८ अंकी किल्ली वहीत लिहा. मग विंडोजमधूनच तिची जागा आकसून लिनक्ससाठी साधारण २५ ते ३० जीबी मोकळी करा.

लिनक्स पेनड्राइव्हवर घेऊन आधी तिथूनच चालवून पाहा. वाय-फाय, आवाज, छपाई यांची परीक्षा होते आणि डिस्कला हात लागत नाही. पसंत पडले तरच बसवा. बसविताना ‘विंडोजच्या शेजारी’ हा पर्याय घ्या. ‘सारी डिस्क पुसा’ म्हटलेत, तर एका क्षणात घरादाराच्या आठवणी जातील. पावसाळ्यात वीज केव्हा जाईल याचा नेम नसतो. म्हणून लॅपटॉप पुरता चार्ज करा, मोठा संगणक असेल तर यूपीएस जोडा.

पुढे दोन गमती होतात, त्यांना घाबरू नका. विंडोज परतल्यावर घड्याळ साडेपाच तास मागे दिसेल. लिनक्स यंत्राच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवते, विंडोज तीच आपली समजते. यंत्राच्या घड्याळात भारतीय वेळ ठेवण्यास लिनक्सला सांगितले की झाले. दुसरी गोष्ट, ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असता विंडोज बंद केली तरी पुरती झोपत नाही. तिच्या जागेत त्या वेळी लिनक्सने लिहिले तर फायली बिघडू शकतात. म्हणून ती सोय बंदच ठेवा.

दोघांनाही उघडता येईल असा एक समाईक भाग ठेवा, घरच्या कणगीसारखा. प्रत्येकाचे खाते मात्र वेगळे असू द्या. शिक्षक बंधुभगिनींनी आधी शाळेतल्या एखाद्या जुन्या यंत्रावर पेनड्राइव्हचा प्रयोग मुलांना दाखवावा. धुरा कुठे घालायचा, हे घरात सर्वांनी बसून ठरवावे; ज्याला संगणक अधिक कळतो त्याने एकट्याने नव्हे.