काळी जमीन आणि चार चाकांची ओढ

मृगाचा पाऊस लागला की नांदेड-लातूरकडच्या शेतकऱ्याच्या तोंडी एक शब्द वारंवार येतो : वाफसा. पाऊस उघडला, जमीन थोडी निवळली, तीत औत चालू लागले, म्हणजे वाफसा आला. तोवर शहाणा माणूस बैल रानात घालीत नाही. आज आम्ही ज्या विषयासंबंधी बोलणार आहो, तो विषय मोटारगाडीचा असला तरी त्याचे सार या जुन्या शब्दात आहे.

चारही चाकांना ओढ असलेली लहान गाडी आडवाटेसाठी सुधारून घ्यावी, ही हौस अलीकडे आपल्याकडेही आली आहे. जिप्सी, थार, जिम्नी अशा गाड्या उंच करून, मोठे टायर चढवून, पुढे लोखंडी गज लावून तरुण मंडळी माहूर-किनवटच्या डोंगरांकडे निघतात. यात वावगे काही नाही. परंतु प्रश्न हौसेपुरता नाही. पाणंद चिखलात गेली की वस्तीवरची अडलेली बाळंतीण किंवा साप चावलेला गडी दवाखान्यापर्यंत पोचवायचा कसा, हा प्रश्न आपल्या भागात अजून संपलेला नाही. अशा वेळी दारातली गाडी शोभेची ठरते की कामाची, हे तिच्यात केलेल्या बदलांवर अवलंबून असते.

ही गाडी मूळची लढाईतली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने जीप बनवली, आणि 1947 पासून महिंद्र कंपनीने मुंबईस तिची जुळणी सुरू केली. पुढे 1985 साली मारुतीने जिप्सी आणली; वजनाला सुमारे दहा क्विंटल, कमानपाट्यांवर बसलेली, साधी आणि चिवट. सामान्य ग्राहकांसाठी तिची विक्री 2019 च्या सुमारास थांबली. तिचीच भावकी म्हणावी अशी जिम्नी 2023 साली आली. तिचे वजन सुमारे बारा क्विंटल. लहान गाडीचे पहिले भांडवल हा हलकेपणा होय, हे आरंभीच ध्यानात घेतले पाहिजे.

आता जमिनीकडे वळू. काळी दगडापासून झालेली आपली काळी माती ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. तिच्यातील चिकणमातीचे सूक्ष्म थर पाणी शोषून एकमेकांपासून दूर सरकतात, म्हणून असे होते. ओलेपणी ती एकीकडे निसरडी आणि दुसरीकडे चिकट असते. टायरच्या खाचा तिने भरल्या की नवा टायरही गुळगुळीत होतो. देवणी किंवा लाल कंधारी बैल याच चिखलातून कसा चालतो ते पाहावे. पाय टेकताना त्याचा दुभंगलेला खूर फाकतो, भार अधिक जागेवर पसरतो; पाय उचलताना खूर मिटतो आणि चिखलाची पकड सुटते. मोटारीच्या चाकाला खूर नाही; परंतु त्यात हवा आहे, आणि ती कमी करता येते.

याचे गणित सोपे आहे. दोन माणसे व सामान धरून गाडी चौदा क्विंटल भरली, तर एका चाकावर सुमारे साडेतीनशे किलो भार येतो. टायरमध्ये 28 पौंड हवा, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला सुमारे दोन किलो दाब, असेल तर चाकाचा जमिनीवरचा ठसा सुमारे 175 चौरस सेंटिमीटर होईल. तीच हवा 14 पौंडांवर आणली तर ठसा जवळजवळ दुप्पट होतो. टायरच्या भिंतीही थोडा भार उचलतात, म्हणून हिशेब तंतोतंत जुळणार नाही. पण दिशा हीच. म्हणून पहिली खरेदी दाबमापक आणि गाडीच्या बॅटरीवर चालणारा लहान पंप यांची करावी. हवा कमी असता सावकाश चालावे, चाक झटक्याने वळवू नये, आणि डांबरीवर येताच हवा पूर्ववत भरावी. नाहीतर टायर तापून फाटतो.

दुसरी गोष्ट डिफरन्शियलची. वळणावर बाहेरचे चाक जास्त फिरावे म्हणून ही योजना असते. तिचा स्वभाव असा की ती आसाच्या दोन्ही चाकांना सारखाच जोर देते. एक चाक चिखलात गरगरू लागले की त्याला फारसा जोर लागत नाही. मग दुसऱ्या, कोरड्या चाकालाही तेवढाच क्षीण जोर मिळतो. चार चाकांची ओढ असूनही पुढचे एक व मागचे एक अशी दोनच चाके फिरताना दिसतात, ती यामुळे. मागच्या आसाला कुलूप, म्हणजे लॉकर, बसवला की दोन्ही चाके एकजीव फिरतात. दिखाऊ बदलांच्या मानाने हा न दिसणारा बदल फार मोलाचा आहे. मात्र कोरड्या सडकेवर ते कुलूप उघडे ठेवले पाहिजे. त्याच्या जोडीला खालची गिअरपट्टी आहेच. तीत चाकांचा जोर सुमारे दुप्पट होतो आणि वेग अर्ध्यावर येतो. चिखलात एकाच मंद, अखंड वेगाने जाणे हीच खरी कला.

आता उंचीचा मोह. कमानपाटे किंवा स्प्रिंगा बदलून गाडी दोन इंच उचलली की तिचे अंग वर जाते. आसाच्या मध्यावरचा डिफरन्शियलचा गोळा मात्र होता तिथेच राहतो. तो वर जातो फक्त मोठ्या टायरने, आणि तोही टायरच्या व्यासात जेवढी वाढ होते तिच्या निम्म्यानेच. शिवाय टायरचा व्यास दशांशाने वाढला की इंजिनाची ओढ तितकीच घटते, ब्रेकवर ताण येतो आणि वेगाचा काटा कमी दाखवू लागतो. उंच गाडी कलंडतेही लवकर. समजा, दोन चाकांतील अंतराचा निम्मा भाग 70 सेंटिमीटर आणि भारकेंद्र 65 सेंटिमीटर उंचीवर आहे. तर गाडी सुमारे 47 अंशांच्या कलापर्यंत तोल धरील. भारकेंद्र दहा सेंटिमीटर वर गेले की तीच मर्यादा 43 अंशांवर येते. हे उभ्या गाडीचे झाले. चालती गाडी त्याआधीच उलटते. टपावर सामानाची जाळी लावून तीत पाण्याचे कॅन ठेवणारांनी हे अवश्य ताडून पाहावे.

आम्हीही या मोहातून गेलो आहो. काही वर्षांपूर्वी अहमदपूर तालुक्यातील एका पाणंदीत, नवे रुंद टायर घातलेली उंच जिप्सी घेऊन आम्ही मोठ्या ऐटीने शिरलो आणि शंभर पावलांतच रुतलो. जसजसे चाक फिरवावे तसतशी गाडी खाली बसे. बांधावरचे एक म्हातारबुवा बराच वेळ पाहत होते. शेवटी म्हणाले, “साहेब, गाडी पोटावर बसली की! चाकं फिरवून काय व्हतंय? आधी पोटाखालचं उकरा.” गाडीचा भार चिखलावर टेकल्यामुळे चाकांवर भारच उरला नव्हता. आम्ही खोऱ्याने माती काढली, हवा सोडली, बुवांच्या घरच्या पऱ्हाट्या आणि दोन जुनी पोती चाकांखाली घातली, आणि गाडी निघाली. ज्या हजारो रुपयांच्या बदलांची आम्हांस घमेंड होती, त्यांनी काही केले नाही. काम केले ते खोऱ्याने.

म्हणून सुटकेचे साहित्य आधी, शोभा मागून. खोरे, ताण सोसणारा दोर, सांगाड्याला घट्ट जडवलेले पुढचे-मागचे आकडे, आणि चाकाखाली घालायच्या फळ्या एवढे पुरते. ओढयंत्र घ्यायचे तर भरल्या गाडीच्या वजनाच्या दीडपट क्षमतेचे घ्यावे. आपल्या उघड्या रानात दोर अडकवायला झाड नसते. तेव्हा जादा चाक खड्ड्यात उभे पुरून त्याला दोर बांधता येतो. ताणलेल्या दोरावर घोंगडे टाकावे आणि माणसे दूर ठेवावी. तुटलेला दोर जीव घेतो.

राहिली पाण्याची गोष्ट. इंजिनाचा श्वास टपापर्यंत नेणारी नळी, म्हणजे स्नॉर्केल, लावली की गाडी पुरातून जाते असा एक घातक समज आहे. नळी इंजिनाला वाचवते, गाडीला नव्हे. गाडीचा तळ साडेतीन मीटर लांब व दीड मीटर रुंद धरला, तर तळाच्या वर चढणारे दर दहा सेंटिमीटर पाणी, आत शिरेपर्यंत, तिचा सुमारे पाच क्विंटल भार हलका करते. फूटभर पाण्यात चौदा क्विंटलांची गाडी तरंगू लागते, आणि मग वाहते पाणी तिला पुलावरून सहज ढकलते. उलट, हलकेपणा जो चिखलात मित्र, तोच पाण्यात वैरी. ऑगस्ट 2025 मध्ये मुखेड तालुक्यात लेंडीच्या खोऱ्यातील गावे पुराने वेढली, तेव्हा सैन्याला पाचारण करावे लागले. अशा पाण्यापुढे मोटारीची बढाई चालत नाही. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर थांबावे, हाच नियम.

कायद्याचेही भान हवे. 1988 च्या मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार नोंदणीतील मूळ तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2019 मध्ये तेच ठामपणे सांगितले. पुढचे लोखंडी गज तर केंद्र सरकारने डिसेंबर 2017 मध्येच बेकायदा ठरवले. पादचाऱ्याला ते प्राणघातक ठरतात. तेव्हा कोणताही मोठा बदल करण्यापूर्वी परिवहन कार्यालयात विचारून घ्यावे. हवेचा दाब कमी करायला आणि खोरे बाळगायला मात्र कोणाची परवानगी लागत नाही.

शेवटी, उत्तम गाडी हा रस्त्याचा पर्याय नव्हे. वस्तीवरचा रुग्ण रोज कुणा हौशी माणसाच्या गाडीची वाट पाहू शकत नाही. पाणंदीवर मुरूम-खडी पडली पाहिजे, हे मागणे आपण सोडता कामा नये. ती पडेपर्यंत ज्याच्या दारी अशी गाडी आहे, त्याने ती हलकी, बुटकी आणि सज्ज ठेवावी, आणि निघण्यापूर्वी खाली उतरून चार पावले चिखलात चालून पाहावे. वाफसा ओळखणारी आपली जात. गाडीत बसलो म्हणून ती ओळख विसरण्याचे कारण नाही.